कॅफीनचं सोवळं

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से भराभर साठतात. बोलणारे आपले किस्से तिथल्या तिथे खर्च करून टाकतात! इयर टेनच्या, म्हणजे दहावीच्या, वर्क एक्सपिरियन्सला मी ऑस्ट्रेलियात टूवूंबातल्या एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये पाच दिवस होते, तेव्हाचे हे माझ्याकडचे. आईची पुण्याची मैत्रीण वैदेही मावशी तिथे ई-सिगरेटच्या वाफेत किती कॅफीन असतं ते मोजते.

*

वेप, म्हणजे ही ई-सिगरेट, ओढायला तिथे माणूस नाही, मशीन आहे. ते ठरावीक वेळाने झुरका घेतं आणि मोठ्ठा उसासा सोडतं. मावशीने त्याचं नाव अण्णा ठेवलंय. तिचा सहकारी ब्रेट रोज आल्या आल्या म्हणतो, "मॉर्निंग, अण्णा! अजून सुटली नाही का रे?"

*

पहिल्या संध्याकाळी आईने विचारलं, "काय केलंस दिवसभर?"

"अण्णाला वेप लावून दिले."

"कोण अण्णा?"

"मशीन."

आईने लाटणं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आणि तू?"

*

आमच्या शाळेतल्या मुली म्हणतात, "या वेपमध्ये फक्त कॅफीन असतं, कॉफीसारखंच!" मी हे मावशीला सांगणार होते, पण माझ्याआधी ब्रेटनेच तेच विचारलं.

मावशी म्हणाली, "कॉफी पोटात जाते, ही वाफ फुप्फुसात. वेप ओढणाऱ्या मुलांना सांगायला खरा आकडा तर हवा!"

*

लॅबमध्ये चहा-कॉफीला सक्त मनाई. बोटाला लागलेलं कॅफीनही नमुन्यात उतरतं. म्हणून मावशी थंडीत कुडकुडत कार पार्कमध्ये चहा पिते, हात-तोंड धुते, कोट बदलते, मगच आत. याला ती सोवळं म्हणते.

ब्रेटची बडबड दिवसभर थांबत नाही, पण हा शब्द त्याने बरोब्बर उचललाय. कुरिअरवाला कॉफी घेऊन दारात आला, तर हा दोन्ही हात वर करून ओरडला, "स्टॉप, मेट! आय ॲम सोवळं!"

*

गुरुवारी अण्णाला नुसती स्वच्छ हवा ओढायला दिली. आकडा शून्य यायला हवा होता. कॅफीन निघालं! कारण सापडलं नाही, तर आठवड्याचं सगळं काम फुकट. ब्रेटने स्वतःच्या शर्टावरसुद्धा संशय घेतला.

कारण मला माहीत होतं. बुधवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, नमुन्याच्या बाटल्या मी धुतल्या होत्या. कशाने पुसू, हे विचारायची लाज वाटली, म्हणून टीरूममधला टॉवेल आणला. कॉफीचे मग पुसायचा!

शेवटी म्हटलं, "मावशी, बाटल्या मी पुसल्या. टॉवेल ओवळा होता."

शर्ट बदलायला निघालेला ब्रेट दारातून परत फिरला.

नव्या बाटल्या काढल्या. अण्णाने पुन्हा हवा ओढली. शून्य! फक्त गुरुवारचे नमुने परत घ्यावे लागले, बाकी सगळं वाचलं.

शुक्रवारी मावशीने माझा शाळेचा फॉर्म भरला. एक रकाना होता, 'विद्यार्थिनी मोकळेपणाने बोलते का?'

मावशीने लिहिलं, "पाच दिवसांत एकदाच बोलली. हिला इथेच राहू द्या, बदल्यात आमचा ब्रेट काही दिवस तुमच्याकडे ठेवून घ्याल का?"