डोळे मिटून उभे राहा

सबंध झाशीत माणसाच्या तोंडाकडे न पाहता नुसत्या पायांवरून त्याला ओळखणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा असावा, हे आमचं नशीब! आतोबा रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर. काम औषधं देण्याचं, पण लक्ष सगळं रोग्यांच्या चालण्याकडे. घरीसुद्धा "या, बसा" नाही; आधी "चालून दाखवा". जवळच्या नगरा वस्तीतून दूध घालायला येणाऱ्या म्हातारीला "अम्मा, तनक चल के तो दिखाओ" म्हणत त्यांनी अंगणात तीन फेऱ्या मारायला लावल्या आणि मग स्वतःची काठी तिच्या हातात दिली. आत्याने कपाळाला हात लावला. एकदा तर छावणीतल्या एका साहेबाला त्यांनी भर फलाटावर गर्रकन वळून दाखवायला सांगितलं. अहो, साहेबाला! आम्ही मुलं खांबाआड लपलो. साहेब वळला, हे त्याहून नवल.

पण एका गणपतीत त्यांनी जे केलं, ते या सगळ्यावर कडी होतं. माझे बाबा मालगाडीचे गार्ड. झेंडी दाखवायची आणि सुटलेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यात चढायचं, हे त्यांचं रोजचं. पंगत बसली होती, बाबा अजून नळावर तोंड धुवत होते. साबण लावून डोळे मिटले आणि एक हात अलगद भिंतीला टेकवला. एवढंच! आतोबा भरल्या पानावरून उठले.

"गार्डसाहेब, पाय जुळवा. आता डोळे मिटून उभे राहा."

बाबा हसत उभे राहिले, डोळे मिटले, आणि भरल्या पोत्यासारखे एका अंगाला कलले. आतोबांनी धरलं म्हणून वाचले. सगळी पंगत घास हातात धरून बघत राहिली.

"डोळे मिटले की तुमच्या पायांना जमीन कळत नाही. आता गाडीवर जायचं नाही. गेलात तर डॉक्टरांना सांगेन."

बाबा हट्टाने निघालेच, आणि या माणसाने खरंच सांगितलं! स्वतःच्या मेव्हण्याबद्दल! डॉक्टरांनी तपासून बाबांना कचेरीतलं बैठं काम दिलं. बाबांनी झेंड्या खुंटीला टांगल्या आणि आतोबांशी बोलणं टाकलं. मलाही त्यांचा भयंकर संताप आला होता, खोटं कशाला बोलू?

तरी आतोबा रोज संध्याकाळी हजर. फरशीवर खडूने रेघ ओढायचे. बाबा तोंड फुगवून तिच्यावरून चालायचे आणि मागून यांचा जप सुरू: "पाय थोडे फाकवा. नजर खाली. वळताना घाई नको, छोटी पावलं." दिवा लावल्याशिवाय बाबांना मोरीत जायची बंदी होती. अशी वर्षं गेली. बाबा एकदाही पडले नाहीत, आणि आतोबांशी एकदाही बोलले नाहीत.

मग एका संध्याकाळी आतोबा आले, तेव्हा त्यांचाच पाय उंबऱ्याला अडखळला. रेघ ओढायला वाकले, उठताना भिंत धरली. जगाचं चालणं पाहणाऱ्या माणसाला स्वतःचं दिसलंच नव्हतं! बाबा काठी टेकत उठले आणि त्यांचा दंड धरला.

"भावजी, घाई नको. छोटी पावलं."

आतोबांनी त्या दिवशी पहिल्यांदा बाबांच्या पायांऐवजी तोंडाकडे पाहिलं.