भिंतीवरचं कोरं पान

बातमी आली तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये होते. आधी घरच्या ग्रुपवर चुलतभावाचा मेसेज, शेवटी जोडलेले हात. मग पाच मिनिटांनी बाबांचा फोन. "अक्का गेली," एवढंच ते म्हणाले. दुपारचं जेवण करून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. बाबांची ती थोरली बहीण, माझी आत्या. आमच्या जैन घरांत आत्याला आत्ती म्हणतात, कर्नाटकाची हद्द जवळ असल्यामुळे असेल. पद्मावती हे तिचं नाव, पण कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या तीन पिढ्या तिला नुसतं 'बाई' म्हणत. पस्तीसेक वर्षं ती तिथल्या एका मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवत होती. तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. एक गोष्ट तिच्या हयातीतच सांगायला हवी होती, ती आता लिहिते आहे.

चित्रकलेच्या कॉलेजची चार वर्षं मी आत्तीकडे राहिले. माझी शाळा जयसिंगपूरची, इंग्रजी माध्यमाची. तिथं मी फ्रान्सच्या राजांची नावं पाठ केली होती, पण आमच्या शाळेच्या रस्त्यावर आधी काय होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. अडुसष्ट म्हणजे नेमके किती, हे मला मनात इंग्रजी केल्याशिवाय कळायचं नाही. "आली गं बाई आमची मडमीण!" म्हणत आत्ती मला मुद्दाम मराठी आकडे सांगून भाजी आणायला पाठवायची. मी कमी बोलते, लोकांकडे बघत बसते. माझ्या या स्वभावाची घरात सगळ्यांना काळजी वाटे. आत्तीनं त्याचा उपयोग करून घेतला. म्हणाली, "बघतीस तर बघ. पण बघितल्यालं काढून दाखव की."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिच्या वर्गात जायचे. दरवर्षी चौथीच्या मुलांना ती एकच काम द्यायची. आपल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाला गाठायचं आणि विचारायचं, 'तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा इथं काय होतं, आणि मग काय काय झालं?' जे कळेल ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहायचं. ती पानं वर्गाच्या चारी भिंतींवर एकाला एक लागून चिकटवली जायची, आणि प्रत्येक पानावर खाली मी एक चित्र काढायचे. पहिला टीव्ही कुणाकडे आला, कोणती विहीर कधी बुजवली, कोणत्या तालमीच्या टीमनं फुटबॉलची फायनल मारल्यावर गल्लीत किती गुलाल उधळला... एका मुलानं लिहिलं होतं, 'माझे पणजोबा दारू प्यायचे आणि म्हशिशी बोलायचे.' हेडमास्तरांनी ते पान काढायला सांगितलं. आत्तीनं 'म्हशिशी'मधला शि दीर्घ केला आणि पान तसंच ठेवलं. मुलांनी आणलेलं खोडायचं नाही, शुद्धलेखन तेवढं तपासायचं, हा तिचा नियम होता.

तिच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. तेजस्विनी नावाच्या मुलीनं आजोबांना विचारून एक पान आणलं. मला ते जवळजवळ पाठ आहे. 'आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दोन काका राहतात. ते चाळीस वर्षं एकत्र राहतात. त्यांनी लग्न केले नाही कारण त्यांना एकमेकांबरोबरच राहायचे होते. आजोबा म्हणाले, त्यांचे एकमेकांवर प्रेम आहे. पहिल्यांदा लोक त्यांना नावे ठेवायचे. एकदा दारावर दगड मारले. मग लोक कंटाळले.'

मी ते वाचलं आणि माझेच कान तापले. मुलं बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, "आत्ती, हे नको ना लावूया. केवढीशी आहेत ती."

"त्या दाराच्या पानावरचं वाच की," ती म्हणाली. दाराशेजारच्या पानावर एका मुलाच्या आजी-आजोबांनी पळून जाऊन जोतिबाला लग्न कसं केलं, ते होतं. खाली मीच घोड्याएवढी मोटारसायकल काढली होती. "हे लावलं तवा म्हणालीस व्हय, पोरं बारकी हायत म्हणून?"

"ते वेगळं."

"काय येगळं, सांग."

मी म्हटलं, असले विषय शिकवायचे तर मोठ्या वर्गात शिकवावेत, नीट धडा करून.

"धडा केला की पोरं पाठ करत्यात आणि परीक्षा झाली की इसरत्यात. मी कुठं काय शिकवाय लागलोय? पोरगी शिकून आलीया. मी फकस्त खोडणार न्हाय."

पान लागलं. त्यात कुणाचं नाव नव्हतं, म्हणून त्या दोघांना विचारायला हवं हे आत्तीच्या डोक्यात आलं नाही. चित्र काढायचं काम माझं. ते दोघे कोण, हे मला माहीत होतं. स्केचबुक घेऊन मी त्या कोपऱ्यावर कितीदा तरी बसले होते. नामूकाका आणि सदाकाका फुटबॉलचे बूट आणि उसवलेले चेंडू शिवून देत. चार वाजता चहा यायचा, एकच. सदाकाका कपातून प्यायचे, नामूकाका बशीतून. मी तेच काढलं. दोघांच्या मध्ये चेंडू, एकाच्या हातात कप, दुसऱ्याच्या हातात बशी. आत्ती मंगळवार पेठेत राहायची, तिनं त्यांना चहा पिताना कधी बघितलं नव्हतं. चित्र बघून ती म्हणाली, "झ्याक जमलंय." मीही खूश झाले.

पुढच्या शनिवारी पालकसभा होती. मी मागच्या बाकावर रंगाच्या बाटल्या आवरत होते. सभेतले निम्मे पालक एकेकाळी याच वर्गात बसून शिकलेले. फीचं, गणवेशाचं बोलून झालं आणि एक वडील उठले. आवाज चढा होता, पण चेहऱ्यावर राग कमी आणि अवघडलेपण जास्त होतं. "बाई, राग मानू नका. आमचं त्यांच्याशी वाकडं न्हाय. माझ्या पोराचं बूट तिथंच शिवून घेतो मी. पण हे शाळंत कशाला? नऊ वर्सांची पोरं ही. उद्या ह्येंना कोण कायबी बोललं म्हंजे?"

"व्हय बाई," एक आई म्हणाली. "माझं पोरगं घरी येऊन इचारतंय की."

"काय विचारलं त्यानं?" आत्ती म्हणाली.

"इचारलं, ते दोघं भांडत्यात का म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, भांडत्यात की. पार रस्त्यापत्तूर ऐकू येतंय."

सगळे हसले. "मग झालं की गं," आत्ती म्हणाली. तेवढ्यात एक जण भिंतीजवळ गेला आणि ओरडला, "आरं, कप-बशी! ह्यो तर नामू, आणि ह्यो सदा. डिट्टो!" हसणं थांबलं. जे चाळीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं, ते आता शाळेच्या भिंतीवर होतं, आणि ते मी तिथं नेऊन ठेवलं होतं. "कुणी काढलं हे?" कुणीतरी विचारलं. मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले...

आत्तीनं चित्राकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. "मी काढलंय," ती म्हणाली. मग खुर्चीवर चढून तिनं स्वतः ते पान काढलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. बाईंनी माघार घेतली, असं समजून सभा संपली. सोमवारी तेजस्विनीनं रडत विचारलं, "बाई, माझं चुकलं?"

"तुझं अक्षर सोडून काही चुकलेलं नाही," आत्ती म्हणाली. मग पूर्ण वर्गाला तिनं सांगितलं, "चूक माझी आहे. दुसऱ्याची गोष्ट त्याला न विचारता मी भिंतीवर लावली." मुलांसमोर ती नेहमी शुद्ध बोलायची, आणि चुकलं तर मुलांसमोरच कबूल करायची. हेडमास्तरांसमोर मात्र तिनं कधी काही कबूल केल्याचं मला आठवत नाही. तो हट्टीपणाही तिच्यात होता.

सभेच्या दुसऱ्या दिवसापासून बूट शिवायचं दुकान बंद होतं. ऐन मॅचच्या दिवसांत ते दुकान कधी बंद राहत नसे. शटरवर कुणीतरी खडूनं कप-बशी काढली होती. सोमवारी शाळा सुटल्यावर आत्ती मला घेऊन तिथं गेली, आपल्या पदरानं तिनं तो खडू पुसला आणि आम्ही परत आलो. मंगळवारीही तसंच. बुधवारी शटर अर्धं उघडं होतं. आत्ती वाकून आत गेली, मी तिच्या मागून. जमिनीवर बूट पडले होते, मेणाचा आणि चामड्याचा वास भरून राहिला होता. आत्तीनं हात जोडले. "मला विचारायला पाहिजे होतं. न्हाय विचारलं."

नामूकाका सोडून देण्याच्या बेतात होते. "जाऊ द्या वं बाई. ते चितार कुठं हाय? आमाला बघू तरी द्या." आत्तीनं पान उलगडलं. त्यांनी ते लांब धरून न्याहाळलं. "पोट लई दाखवलंय माझं."

"हाय तेवढंच दाखवलंय," सदाकाका म्हणाले. पण ते हसले नाहीत. आत्तीकडे वळून त्यांनी जे सांगितलं ते मी विसरले नाही. "बाई, गल्लीला ठावं हाय. पण ठावं असणं येगळं, आणि लिवून लावणं येगळं. तुमी लावलं, आणि तीन दिस मला भाकरी घ्यायला भायर पडवंना."

"लावू द्या की परत!" नामूकाका उसळले. "पोरीनं काय खोटं लिवलंय?"

"न्हाय म्हणलो न्हवं!"

दोघांचं जुंपलं. आत्ती मध्ये पडली नाही. शेवटी म्हणाली, "तुमी दोघं ठरवा. एक जरी न्हाय म्हणाला, तर न्हाय." आणि ते न्हायच राहिलं. संपूर्ण वेळ मी शटरला टेकून उभी होते. चित्र माझं आहे, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

मला वाटलं होतं, आत्ती आता ती जागा बुजवून टाकेल. बाजूची पानं सरकवणं अवघड नव्हतं. तिनं त्या जागी एक कोरं पान लावलं. मुलं ना विसरणारी, ना गप्प बसणारी. "बाई, इथं काय हाय?" रोज कुणीतरी विचारायचं. "इथल्या माणसांनी अजून सांगितलेलं नाही," ती म्हणायची. "सांगतील तेव्हा लिहू." कोऱ्या पानावर कोण काय हरकत घेणार? पालक बघून जायचे. काही जण जरा जास्त वेळ बघायचे. वर्षअखेरीस आत्ती निवृत्त झाली तेव्हाही ते पान तिथं होतं. पुढच्या उन्हाळ्यात वर्गाला रंग दिला गेला.

एवढ्या लहान मुलांना हा इतिहास शिकवावा का, यावर मी नंतर पुष्कळ वाचलं. त्या वादांत दोन्ही बाजूंना आपापलंच खरं वाटतं. मला मात्र आत्तीचा तो वर्ग आठवतो. तिथं मुलांना दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. अशी माणसं आपल्याच गल्लीत पहिल्यापासून राहत आली आहेत, ही एक. आणि त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीशिवाय आपली होत नाही, ही दुसरी. दुसरी गोष्ट आत्ती स्वतः चुकून शिकली, आणि शिकताना मुलांना बघू दिलं. मी आज चित्रं काढून पोट भरते. माणसाचं चित्र काढायच्या आधी मी त्याला विचारते. पुण्यात लोकांना याचं आश्चर्य वाटतं. ही सवय तिची आहे, तिच्या घरातून मी एवढीच काय ती माझ्यासोबत आणली.

म्हणून हा लेख लिहून झाल्यावर गेल्या रविवारी मी कोल्हापूरला गेले. दुकान तसंच आहे. नामूकाकांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे मला मोठ्यानं वाचावं लागलं. समोरचा इस्त्रीवाला हातातलं काम थांबवून ऐकत उभा राहिला. चित्र माझं होतं, हे लिहिलेल्या ठिकाणी मी आले. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

"ठावं हाय," सदाकाका चेंडूत दाभण घालत म्हणाले.

"कसं?"

"अगं, बाईंनी फळ्यावर गाय काढली की पोरं कुत्रं म्हणायची!" नामूकाका म्हणाले. "आख्ख्या पेठंला ठावं. त्या सभंत निम्मी त्यांचीच पोरं बसल्याली."

"मग कुणी बोललं का नाही?"

"बाई जल्मात पयल्यांदा खोटं बोलत हुत्या," सदाकाका म्हणाले. "त्यांस्नी खोटं पाडायचं कुणी?"

मी उरलेलं वाचून काढलं. मग विचारलं, हे छापलं तर चालेल का? नामूकाकांनी हात झटकला. "मला काय इचारतीस? ह्येला इचार. तवा ह्योच आडवा आलता."

सदाकाकांनी टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला, चेंडू दोन्ही हातांत फिरवून बघितला. "नावं बदल," ते म्हणाले. "बाकीचं ऱ्हाऊ दे."

नावं बदलली आहेत. बाकीचं राहू दिलं आहे.