कॅन धुवायचं पाणी

आमच्या गावच्या दूध संस्थेत दूध तपासून घेणारा मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा जीभ अडेल.

काम सोपं. काचेची तरंगती नळी दुधात सोडायची आणि ती कितपत वर राहते ते बघायचं. त्याला आम्ही डिग्री म्हणायचो. डिग्री भरली तर दूध चोख, नाहीतर पाणी घातलेलं. नुकत्याच काढलेल्या गरम दुधात नळी खाली जाते, म्हणून दूध निवू द्यायचं आणि मग बघायचं, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. एका हंड्यासाठी बायका तास तास चालायच्या. संस्थेला मात्र कॅन धुवायला टँकरचं एक टिपाड रोज मिळे, आणि ते माझ्या ताब्यात. मी दोन तांब्यांत कॅन विसळायचो. उरलेलं पाणी घरी जायचं. आधी प्यायला. मग आमच्या दुधाच्या किटलीत. फुकटचं पाणी मी दुधाच्या भावानं विकत होतो. आमच्या किटलीची डिग्री बघणारा मीच.

गावातलं दूध आटत आटत तीन कॅनवरून एकावर आलं, तेव्हा ते पाणी उठून दिसलं. तालुक्याहून चिठ्ठी आली. दूध पातळ आहे, पुन्हा असं आलं तर अख्ख्या गावाचं परत पाठवू. अध्यक्ष सकाळीच माझ्या स्टुलापाशी येऊन उभे राहिले.

"आज चोर घावलाच पायजे. त्याचं दूध हंगामभर बंद."

रांगेत बहुतेकांचं दूध घरून निवून आलेलं. आमच्या गल्लीतली काकी उशिरा, धावत आली. तिचा नवरा एकटाच ऊसतोडीला गेला होता, अर्धा कोयता म्हणून. जोडप्याचा पुरा कोयता धरतात, पण घरी दुभती म्हैस होती म्हणून काकी लेकीची शाळा सांभाळत मागं राहिली होती. तिच्या चरवीवर अजून फेस होता. मला बोटांना ऊब लागली. मी नळी सोडली.

नळी खाली गेली.

"किती?" अध्यक्षांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. खोटा नव्हता.

काकी आधी हसलीच. "पाणी? आरं लेका, म्हसीच्या तोंडाला पाणी पुरंना, अन् मी दुधात घालू व्हय? डोसकं फिरलंय का माझं?"

रांगेतले सगळे हसले. मागून एक जण म्हणाला, "काकीकडं पाणी असतं तर दूध कावून इकलं असतं? पाणीच इकलं असतं की!" पुन्हा हशा. मला वाटलं, सुटलो. पण अध्यक्ष हसले नाहीत. "काच खोटं बोलत न्हाई, काकी," ते म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. दूध गरम आहे, एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी पुढच्याची किटली ओढली.

कॅन गाडीत चढला, माणसं पांगली. मी कुलूप लावत होतो तर काकी परत आली. चरवी पदरानं झाकलेली.

"निवलंय आता. टाक तुजी नळी."

तिला कळलं होतं. नळी माझ्या खिशात होती. टाकली असती तर वर राहिली असती, आणि मग पुढचा प्रश्न आला असता, पाणी घातलं कुणी? माझ्यामागंच ते टिपाड होतं, अर्धं रिकामं.

"गाडी गेली, काकी," मी म्हणालो.

ती टिपाडाकडं बघत राहिली. चरवी उचलून गेली.

वडवणीच्या बाजारात त्या आठवड्यात म्हशीच म्हशी होत्या. कडबा कुणाकडंच नव्हता. काकीची तीच म्हैस, तेवढंच दूध देणारी, मिळेल त्या भावाला गेली. भाव कशानं ठरतो यावर पुढं मी पुष्कळ ऐकलं, वाचलं. कष्टानं म्हणतात, टंचाईनं म्हणतात. त्या सकाळी काकीच्या दुधाचा भाव माझ्या भीतीनं ठरला होता.

चार दिवसांनी ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी आली. काकी पेटी आणि लेक घेऊन चढली. मुकादमानं वहीत खूण केली.

"चला, अर्धा कोयता पुरा झाला."

मी त्या वेळी कॅन धूत होतो. त्या दिवशी भरपूर पाण्यानं धुतला.