उंच जोते

पायरी दिसली की ताई चाकाच्या खुर्चीचा ब्रेक ओढत. खट्. मग दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवून, टेलिफोनच्या कचेरीत आयुष्यभर घासून लख्ख झालेल्या आवाजात म्हणत, "कुणी उचलायचं नाय हं."

तोवर कुणीतरी पुढे सरसावलेले असेच. "असं काय, ताई? आपलीच तर पोरं आहेत."

"पोरं आपलीच हैत. वजन माझं हाय."

तुमच्याही वस्तीत असे एखादे माणूस असेल, ज्याच्यासमोर आपले चांगुलपण जरा ओशाळते. गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत त्या ताई होत्या. लहानपणीच्या तापाने त्यांचे पाय नेले. उरलेले सारे बळ बोटांत आणि गळ्यात उतरले. संध्याकाळी गल्लीत कॅरम मांडला जाई. पावडरीचा मंद वास, लाकडावर कोरडी टिचकी, आणि समोरच्याचा सुस्कारा. उन्हाळ्यात मात्र धुळीने आणि पावसाळ्यात चिखलाने खेळ मोडे. बारा महिने खेळायला एक छत हवे, एवढेच ताईंचे मागणे होते.

कॉलनीच्या मोकळ्या जागेवर क्रीडाभवन व्हावे म्हणून आम्ही अर्जांवर अर्ज केले. अखेर कळले की जी इमारत सर्वांना वापरता येईल आणि विजेचा, पाण्याचा भार वाढवणार नाही, तिला सरकारी निधी मिळतो. आमच्या कॉलनीच्या सचिवांनी प्रस्तावाला ताईंचा फोटो जोडला: खुर्चीत बसलेल्या, कॅरमवर वाकलेल्या, हसऱ्या. निधी मंजूर झाला. ताईंनी गल्लीभर पेढे वाटले.

मग जोते बांधायची वेळ आली. सचिव म्हणाले, "जोतं उंचच हवं, ताई. दरवेळी डांबर पडतं आणि रस्ता वर येतो. उद्या पाणी आत शिरलं म्हणजे?"

"पाणी नाय येणार, साहेब. मी बी नाय येणार."

सगळे हसले. त्याही हसल्या. खुर्चीसाठी उताराची वाट दुसऱ्या टप्प्यात होईल, असे ठरले.

इमारत देखणी झाली, हे कबूल करायलाच हवे. छतावर सौर पट्ट्या, पावसाचे पाणी साठवणारी टाकी, आणि विटांची अशी जाळी की दुपारची झळ तिच्यातून गाळली जाऊन, गार होऊन आत येई. दारावरच्या फलकावर 'सर्वांसाठी' हा शब्द ठसठशीत होता. उद्घाटनाला आम्ही सारे वर गेलो. ताई खाली थांबल्या. परतल्यावर मी आतले वर्णन करू लागले, तर म्हणाल्या, "कळलं मला. आवाज लई घुमतोय. पडदे लावायला सांग."

दुसरा टप्पा आलाच नाही. आपल्या तीनचाकी स्कूटरवरून ताई निधीच्या सरकारी कचेरीत चकरा मारत. मी सोबत असे. जिना चढून मीच विचारून येई. "फाईल वर गेलीय, असं म्हणतात," मी एकदा सांगितले.

"तिचं बरंय. तिला जिना चालतो."

विनोद तोच राहिला, आवाज तेवढा खाली आला. पुढे पुढे त्या नुसते माझ्या तोंडाकडे पाहत आणि स्कूटर वळवत. संध्याकाळी भवनाच्या सावलीत, फाटकाशी कॅरम मांडून बसत. कुणी खेळायला उतरे, कुणी वरूनच हात हलवी.

या चैत्रात ताई गेल्या. शोकसभा भवनातच ठेवली होती. सतरंज्या अंथरल्या होत्या, पंखे फिरत होते. संध्याकाळी फाटकाशी माणसे जमली आणि तिथेच थबकली. वाट पाहण्याच्या या वर्षांत अख्खी कॉलनी म्हातारी झाली होती. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा दम. जो तो पायऱ्यांकडे पाही आणि शेजाऱ्याला म्हणे, "व्हा पुढे."

सचिव काठी टेकत आले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. कठडा धरून ते दोन पायऱ्या चढले, थांबले. एका तरुणाने पुढे होऊन त्यांच्या बगलेत हात घातला. त्यांनी तो हळूच बाजूला केला. मग बराच वेळ ते वरच्या उजळलेल्या दाराकडे पाहत राहिले आणि होते तिथेच, त्या तापलेल्या फरशीवर, खाली बसले.

"इथंच बसू या," ते म्हणाले.

आम्ही रस्त्यावर बसलो. डांबर अजून कोमट होते. वर, रिकाम्या दालनात, पंखे फिरत होते.