साखर भरलेली नळी

आमच्या दवाखान्यात घरी करायच्या संडासच्या तपासणीच्या नळ्या आल्या, तेव्हा पहिली नळी मी आईसाठी आणली. तपासणी सोपी. नळीच्या झाकणाला आतून काडी असते. ती संडासला टोचायची, परत नळीतल्या औषधात बुडवायची, झाकण घट्ट लावायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्तही सापडतं आणि आतड्याचा कॅन्सर वेळेत कळतो. मी नर्स; हर्सूलमध्ये दारोदार फिरून हे सांगते. पण पिकतं तिथं विकत नाही. आई "बघू" म्हणाली आणि नळी फळीवर ठेवून दिली.

आईच्या मोठ्या बहिणीला, माझ्या अक्कामावशीला, हाच आजार झाला होता. रक्त पडतंय हे तिनं लाजेपोटी लपवलं. सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून मला आईची धास्ती वाटायची.

दोनेक दिवसांनी मी ड्यूटीला निघताना आईनं आपणहून नळी हातात ठेवली. मला केवढा आनंद झाला! उजेडात धरून बघितली, तर आत गच्च साखर.

"आई, हे काय?"

"दवाखान्याची वस्तू ना ती? रिकामी कशी धाडायची? घासूनपुसून भरली."

"आणि आतलं औषध?"

"मोरीत ओतलं."

माझं डोकंच सटकलं. शेजारणीची वाटीसुद्धा आमच्या घरातून कधी रिकामी गेली नाही, हे मान्य. पण म्हणून तपासणीच्या नळीत साखर? मी तोंडाचा पट्टा सोडला. आई मान खाली घालून लसूण सोलत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला समदं कळतं गं. पण लई लाज वाटती. आन् काय निघालं तर?"

माझा राग तिथंच विरला. पर्स खाली ठेवून मी तिच्याजवळ बसले.

"निघालं तर मी आहे ना. मावशीनं कुणाला कळूच दिलं नाही."

सोललेला लसूण बाजूला सारून ती म्हणाली, "तू दाराबाहेर थांबशील?"

दुसरी नळी आली. सकाळी मी संडासच्या दाराबाहेर उभी आणि आतून आईचा आवाज, "झाकण निघंना! हसू नको, सांगून ठेवते." शेवटी दोघीही हसलो.

तपासणीत रक्त निघालं. दुर्बीण घालून बघितलं तर आतड्यात छोटी गाठ होती. ती काढली. अजून कॅन्सर नव्हता, पण तशीच राहिली असती तर पुढं होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाले. पेशंटच्या नातेवाइकांना रडू नका म्हणून दटावणारी मी, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि आई पांढऱ्या साडीत उभी राहिली. माझ्या पिशवीतल्या नळ्या तिनं स्वतःच वाटायला घेतल्या.

"बायांनो, आपण कुणाचं भांडं रिकामं देत नाय. ही नळीबी रिकामी देऊ नका. फकस्त साखर घालू नका, मी घातली व्हती."

बायका खळखळून हसल्या. पदराआड नळ्या घेऊन एकेक जण घरी गेली. शेवटी एक उरली. ती आईनं पिशवीत टाकली नाही, मुठीत धरून बसली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"अक्काची," आई म्हणाली.