वहिनीच्या हाताखाली सहा आठवडे

छापखाना बंद पडला तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहत होतो. सहा महिने घरी बसलो आणि सगळ्यांच्या पायात यायला लागलो. मग मदत कार्यालयात जागा निघाल्या. ज्यांचं भागत नाही त्यांना धान्य, औषधं, घरभाडं यासाठी सरकार मदत देतं. ती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्याला पात्रता अधिकारी म्हणतात. लेखी परीक्षा मी पास झालो. पुढे सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं आणि ते पास झालं तरच नेमणूक. प्रशिक्षण देणार होती माझी वहिनी.

दादा म्हणाला, आता काय, घरचाच मामला. मीही मनात तेच म्हणत होतो, फक्त मोठ्याने नाही.

वहिनीच्या साहेबांनी मला दुसऱ्या प्रशिक्षकाकडे पाठवायची तयारी दाखवली होती. वहिनी नको म्हणाली. दुसऱ्याकडे पाठवलं तर हिने तिकडे सांगून ठेवलं असं लोक म्हणतील, त्यापेक्षा माझ्याकडेच राहू द्या आणि हवं तर माझ्या वर्गात कुणालाही आणून बसवा, असं तिचं म्हणणं. साहेब स्वतः दोनदा येऊन बसले. दुसऱ्यांदा तर वहीसुद्धा घेऊन आले.

वहिनीला स्वतःला कुणी काही शिकवलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी ती खिडकीवर रुजू झाली तेव्हा तिच्या हातात कपाटाची किल्ली आणि नियमांचं जाडजूड पुस्तक दिलं, आणि खुर्ची दाखवली. पहिल्या वर्षी आपण किती जणांना उगाच परत पाठवलं असेल, या विचाराने तिची झोप उडायची. मग ती हात धुवून वरच्यांच्या मागे लागली. नव्या माणसांना आधी शिकवायला हवं म्हणून नऊ वर्षं अर्ज केले. शेवटी वैतागून त्यांनी तिला तिसऱ्या मजल्यावरची जुनी फाइलींची खोली दिली आणि शिकवा काय शिकवायचं ते, म्हणाले. ती खोली तिने स्वतः झाडून काढली. हे मला तिने सांगितलेलं नाही, तिथल्या शिपायाने सांगितलं. वहिनी स्वतःबद्दल बोलायला लागली तर दोन वाक्यांत संपवते.

आम्ही चौदा जण होतो, मी अकरा नंबर. पहिले तीन दिवस नियमांचं पुस्तक उघडायचंच नाही. खालच्या हॉलमध्ये टोकन घेऊन अर्जदारांच्या बाकांवर बसायचं आणि स्वतःचा अर्ज भरायचा, सगळ्या पुराव्यांसकट. मी ऐटीत बसलो आणि राहण्याच्या पुराव्यापाशी अडकलो. भावाच्या घरात माझ्या नावावर विजेचं बिल नाही, भाडेपावती नाही, काही नाही. कागदांच्या हिशेबाने मी कुठेच राहत नव्हतो. वहिनीने अर्जावर लाल शेरा मारला, 'अपूर्ण', आणि संध्याकाळी त्याच हाताने मला आमटी वाढली.

तिची एक सक्त शिस्त होती. प्रश्न विचारला की दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे, माणसाचं बोलणं संपेपर्यंत. मला याचा भयंकर राग यायचा. छापखान्यात मी अठरा वर्षं मजकूर जुळवला होता; माणूस बोलता बोलता माझं टाइप करून होतं. तुकडीत माझ्याइतका वेग कुणाचा नव्हता आणि ते मी सगळ्यांना दिसेल अशा बेताने दाखवत होतो. वहिनी म्हणायची, अकरा नंबर, हात. मी हात उचलायचो आणि तिने पाठ फिरवली की परत ठेवायचो.

सहाव्या आठवड्यात खरी परीक्षा. खऱ्या खिडकीवर खरा अर्जदार, मागे वहिनी बसणार, एक अक्षरही न बोलता. माझ्यासमोर पन्नाशीची एक बाई आली. भावाच्या घरी राहते म्हणाली. मी विचारलं, घरात किती माणसं? सहा, ती म्हणाली, आणि पुढेही काही बोलत होती. मी तोवर सहा आकडा टाकून भावाच्या पगाराच्या रकान्यात पोचलो होतो. पगार टाकला, उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं, उत्तर आलं: अपात्र. मी तिला नम्रपणे सांगितलं. ती उठली, पिशवी उचलली आणि गेली. पंधरा मिनिटांत काम झालं होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि घास हातातच राहिला. ती बाई पुढे काय बोलत होती ते मला आत्ता ऐकू आलं. "माझं मी वेगळं करून खाते." आमच्या नियमात एकत्र राहणारे सगळे एक कुटुंब नसतात, एकत्र स्वयंपाक करणारे असतात. तिची चूल वेगळी होती. भावाचा पगार तिच्या अर्जात यायलाच नको होता. आणि चुकलं कोण, तर भावाच्या घरात वहिनीच्या हातचं खाणारा मी. मला वाटलं भावाकडे राहणं म्हणजे भावाकडे जेवणं.

डबा तसाच टाकून मी वर गेलो आणि वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, फाइल तिने आधीच थांबवली होती, त्या बाईला उद्या बोलावलं होतं. कुणाच्या परीक्षेपायी अर्जदाराचं नुकसान होऊ द्यायचं नसतं. माझा जीव भांड्यात पडला. चूक स्वतःहून कबूल केली म्हटल्यावर आता पाठीवर थाप पडेल, अशा थाटात मी उभा राहिलो.

वहिनीने मला बसायला सांगितलं. दार लावून घेतलं, माझ्याकडे सरळ बघितलं.

"तुम्ही पास झालेला नाहीत," ती म्हणाली.

मग कारण सांगितलं. मग पुढच्या तुकडीत पुन्हा बसता येईल हे सांगितलं. निकाल चुकीचा वाटला तर तीस दिवसांत साहेबांकडे तक्रार करता येते, त्याचा अर्ज समोर ठेवला आणि तिचं स्वतःचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं तेही दाखवलं.

"काही विचारायचंय?"

"मी आपणहून येऊन सांगितलं, त्याचं काहीच नाही?"

"त्याचे गुण पूर्ण दिलेत. पण तुम्हाला जेवताना आठवलं, भावजी. ती तोवर घरी जाऊन सगळ्यांना सांगून बसली असेल की मला नाही म्हणाले."

त्या खोलीत तिने मला भावजी म्हटलं ते तेवढंच.

छापखान्याने आम्हाला काढलं तेव्हा गेटवर एक कागद डकवला होता. तीस माणसं एकमेकांच्या खांद्यावरून तो वाचत होती आणि आत कुणीही नव्हतं. वहिनीने मला समोर बसवून, डोळ्यांत बघून नाही म्हटलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. वाईट खूप वाटलं. मान मात्र खाली गेली नाही.

घरी दादा चिडला. घरच्या माणसाला नापास करते म्हणून बरंच बोलला. वहिनी धड जेवली नाही हे मी बघितलं. मी दादाला म्हटलं की तू यात पडू नकोस, आणि तक्रारीचा अर्ज त्याच्यासमोर फाडला.

पुढच्या तुकडीत मी पास झालो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते नापास झालो त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. ती बाई परत आली तेव्हा वहिनीने मला खिडकीवर बसवलं आणि स्वतः पूर्वीसारखीच मागे बसली. काल माझी चूक झाली, मी त्या बाईला म्हणालो, आणि चूक काय ते सांगितलं. अर्ज पुन्हा भरला. ती पात्र होती.

बाईने पिशवी मांडीवर घेतली आणि विचारलं,

"तुम्हाला काही बोलले का वरचे?"

"नापास केलं."

"अरे देवा. कुणी?"

"माझ्या वहिनीने," मी म्हणालो आणि मागे हात केला. आयुष्यात कशाचा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

बाईने वाकून वहिनीकडे नीट बघून घेतलं. मग पेन मागितलं आणि सही केली.