हरतालिकेच्या दिवशी पंप

दम्याच्या नव्या पंपाची चाचणी चालू आहे, तीत मी आहे. सकाळी आणि संध्याकाळी ओढायचा. काहींना दोन औषधं एकत्र असलेला नवा पंप मिळतो, काहींना जुनं औषध, पण पंप दिसायला सारखेच. मला कुठला दिलाय, असं डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "मलाही माहीत नाही." देणाऱ्यालाच माहीत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

पंप ओढल्यावर गुळणी करून थुंकावं लागतं, नाहीतर तोंड येतं. हरतालिकेला तिथंच अडलं. लग्नापासून मी हा उपास निर्जळी धरते. चाकणच्या कंपनीतून सुट्टी घेतली होती. सकाळीच छातीत शिट्टी वाजायला लागली आणि मी पंप हातात धरून बसले.

सासूबाई म्हणाल्या, "औषध पोटात जातं का छातीत?"

"छातीत."

"मग चालतंय. पण गुळणी न्हाई. तोंडात पाणी घेतलं की उपास मोडला."

जाऊ पत्री निवडत होती. "आणि सकाळी चूळ भरली ती, आत्या?"

"ती उठल्यावरची. तिला कोण धरतंय!"

नवरा शिफ्टला निघाला होता. बूट घालता घालता म्हणाला, "उपास माझ्यासाठीच ना? मग मी सांगतो, ओढ. गुळणी पण कर."

"तुला कोण विचारतंय? उपास बायकांचा," सासूबाई म्हणाल्या.

दम वाढायला लागला तशी मी उठले. मोरीत जाऊन पंप ओढला, गुळणी केली, थुंकले. थोडं पाणी घशाखाली गेल्यासारखं वाटलं. गेलं का नाही, सांगता येत नाही.

दुपारी शेजारणीकडं वाळूची पिंड मांडून पूजा झाली. "निर्जळी ना गं?" एकीनं विचारलं. मी पदर सारखा करत बसले. दरवर्षी दम पुरत नाही म्हणून आरतीला मी नुसत्या टाळ्या वाजवते, त्या दिवशी शेवटपर्यंत म्हटली. जावेनं कोपर मारलं, "आवाज आहे की तुला!" मला आनंद झाला आणि लगेच उपास मोडल्याची भीतीही वाटली.

संध्याकाळी पुन्हा पंप काढला. सासूबाई मोरीपाशीच बसल्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. रागानं का मायेनं, ते मला कळलं नाही. मी गुळणी केली.